उणे ५० अंशांत वीज कुठून येते? बर्फातल्या पाइपलाइनची गोष्ट

सुरुवात माझ्या बंद पडलेल्या फोनपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चौघं स्पितीला गेलो होतो. हिवाळ्यात स्पितीला जाणं हा शहाणपणा आहे की नाही, यावर घरी बरीच चर्चा झाली होती, ती सोडून देऊ. काझाच्या वरच्या एका गावात सकाळी फोटो काढायला बाहेर पडलो. बॅटरी ६२ टक्के. तीन फोटो काढले आणि फोन गप्प. बटण दाबून धरलं, हलवून बघितलं, काही नाही. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अंदरवाली जेब में रखो." वीस मिनिटं तो जॅकेटच्या आत ठेवला आणि फोन चालू झाला. बॅटरी ५५ टक्के!

त्याच घराच्या स्वयंपाकघरात आणखी एक गंमत दिसली. गॅसचा सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात उभा होता. विचारलं तर कळलं, नाहीतर सकाळी गॅस येतच नाही. सिलिंडर भरलेला असतो, पण शेगडी पेटत नाही.

परत आल्यावर हे असं का होतं ते शोधत बसलो. एका व्हिडिओतून दुसऱ्यात जात जात पोहोचलो थेट अलास्कातल्या तेलाच्या पाइपलाइनवर. पांढऱ्याशुभ्र मैदानातून जाणारा जाडजूड पाइप. बाजूला एक छोटी केबिन, वर धुराडं आणि अँटेना. आजूबाजूला ना विजेचा खांब, ना तार, ना माणूस. माझा फोन उणे १५ ला झोपला होता. मग उणे ५० ला ही केबिन कशावर चालते?

मुळात पाइपला वीज हवी कशाला?

मलाही आधी वाटायचं, पाइप म्हणजे पाइप. एका बाजूने तेल टाका, दुसऱ्या बाजूने घ्या. पण ट्रान्स-अलास्का पाइपलाइनचा आकार बघा. उत्तरेला आर्क्टिक किनाऱ्यावरच्या प्रूडो बेपासून दक्षिणेला वाल्डीझ बंदरापर्यंत सुमारे १,२८७ किलोमीटर. मुंबई ते दिल्ली रेल्वेप्रवासापेक्षा थोडीच कमी. पाइपचा व्यास ४८ इंच, म्हणजे लहान मूल आत ताठ उभं राहू शकेल. जून १९७७ मध्ये यातून तेल वाहायला लागलं.

एवढ्या लांबीच्या पाइपवर मोठमोठी पंपिंग स्टेशनं असतात. तिथे माणसं असतात, स्वतःचे टर्बाइन असतात. तो विषय वेगळा. मी बोलतोय मधल्या निर्जन जागांबद्दल. तिथे ठरावीक अंतरावर व्हॉल्व्ह असतात. पाइप फुटला तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, म्हणजे मधलंच तेल सांडेल, अख्ख्या लाइनमधलं नाही. ही आज्ञा शेकडो किलोमीटरवरच्या कंट्रोल रूममधून येते. म्हणजे व्हॉल्व्हपाशी रेडिओ किंवा सॅटेलाइट लिंक हवी, दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर हवेत, ते वाचून पाठवणारा छोटा संगणक हवा.

याशिवाय गंज. लोखंड गंजतं म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन निघून जात असतात. जमिनीखालच्या पाइपला बाहेरून सतत थोडा डीसी करंट दिला की ही गळती थांबते. याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात. 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. महिनाभर करंट नसला तर लगेच काही फुटत नाही, पण गंज आपलं काम करत राहतो.

हे सगळं मिळून लागतं किती? जागेवर अवलंबून आहे, पण हिशोबासाठी १०० वॅट धरू. आपल्या हॉलमधला जुना सिलिंग फॅन यापेक्षा थोडा कमी घेतो. एवढीशी वीज! पण ती चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस हवी.

नसेल तर काय होतं? २५ मे २०१० ला याच लाइनच्या ९ क्रमांकाच्या पंप स्टेशनवर ठरवून काम बंद ठेवून चाचणी चालू होती. वीज गेली आणि बॅकअपने वेळेवर साथ दिली नाही. कंट्रोल बंद पडल्यावर दाब सोडणारे व्हॉल्व्ह उघडले. वीज गेली तर उघडायचं, अशीच त्यांची रचना असते, म्हणजे पाइप फुटत नाही. पण ते तेल गेलं एका टाकीत. टाकी भरली, आणि एक लाख गॅलनहून जास्त तेल ओसंडलं. टाकीभोवती बांध होता म्हणून ते आतच राहिलं. लाइन तीन दिवसांहून जास्त बंद होती. हे झालं माणसं असलेल्या स्टेशनवर, मे महिन्यात. निर्जन जागी, जानेवारीत काय होईल याचा अंदाज करा.

जानेवारीत तर लाइन बंद ठेवणंच धोक्याचं. २०११ च्या जानेवारीत पहिल्या पंप स्टेशनवर गळती सापडली म्हणून तेल थांबवावं लागलं. पण थांबलेलं तेल थंड होतं, त्यातलं मेण साचायला लागतं, पाण्याचा बर्फ होतो. शेवटी कायमची दुरुस्ती व्हायच्या आधीच काही दिवस लाइन पुन्हा चालू करावी लागली, ती गोठू नये म्हणून!

सोपे पर्याय आणि ते का चालत नाहीत

तारा टाकणं? हजार किलोमीटर खांब, कायम गोठलेली जमीन, वादळं, आणि शेवटी ग्राहक १०० वॅटचा. सोडून द्या.

डिझेल जनरेटर? आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून मोबाइल टॉवरपर्यंत सगळीकडे हाच धावून येतो. पण थंडीत साध्या डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. त्यासाठी खास आर्क्टिक डिझेल मिळतं, ते वापरू. पुढचा प्रश्न ऑइलचा. अशा इंजिनांना साधारण २५० ते ५०० तासांनी ऑइल बदलावं लागतं. सलग चालवलं तर ५०० तास म्हणजे फक्त २१ दिवस. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हपाशी मेकॅनिक घेऊन हेलिकॉप्टर पाठवायचं, तेही हिमवादळात. शक्य आहे, पण कंपनी बुडेल.

सोलर? प्रूडो बे ७० अंश उत्तरेला आहे. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो जवळजवळ दोन महिने उगवतच नाही. मग सोलर आणि मोठी बॅटरी? चला, हिशोब करू. १०० वॅट म्हणजे दिवसाला २.४ युनिट. ६० दिवसांचे झाले १४४ युनिट. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. म्हणजे एका व्हॉल्व्हसाठी साडेसात हजार फोनच्या बॅटऱ्या. थंडीत क्षमता निम्म्यावर आली तर पंधरा हजार.

आणि इथेच माझ्या फोनचं कोडं सुटलं. बॅटरीतून वीज येते ती आतल्या रासायनिक हालचालीतून. थंडीत आतलं द्रावण दाटतं, आयन हळू सरकतात. बॅटरीत वीज असते, पण ती पटकन बाहेर येऊ शकत नाही. कॅमेऱ्याने एकदम करंट मागितला, व्होल्टेज धाडकन पडलं, आणि फोनने स्वतःला बंद करून घेतलं. ऊब मिळाल्यावर वीज जिथल्या तिथे होती.

डिस्चार्ज एकवेळ ठीक, खरी गडबड चार्जिंगची आहे. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर होऊन बसतो. क्षमता कायमची कमी होते आणि शॉर्ट सर्किटचीही भीती असते. म्हणून बर्फातून आल्या आल्या फोन पॉवर बँकेला लावू नका, आधी खिशात गरम होऊ द्या. इन्व्हर्टरसारखी लेड-ॲसिड बॅटरी? ती पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० लाही गोठत नाही, पण पार उतरली असेल तर आतलं पातळ ॲसिड उणे १० च्या आसपासच गोठतं आणि खोकं फुटतं. म्हणून अशा जागी बहुतेक वेळा निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असतात. जुनं तंत्रज्ञान आहे, जड आहे, पण थंडीत टिकतं.

पवनचक्की? पात्यांवर बर्फ चढतो. शिवाय कडाक्याच्या थंडीचे दिवस बऱ्याचदा अगदी निवांत, वारा नसलेले असतात.

शेगडीतली युक्ती

तुमच्या घरी नवीन हॉब असेल तर बर्नरशेजारी ज्योतीत आलेली एक छोटी धातूची काडी बघा. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर काही सेकंदांत गॅस आपोआप बंद होतो, तो हिच्यामुळे. ही काडी म्हणजे थर्मोकपल. दोन वेगळे धातू एका टोकाला जोडायचे, जोड गरम करायचा, दुसरी टोकं थंड ठेवायची, की त्यात थोडी वीज तयार होते. थॉमस झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये हा परिणाम पाहिला. ज्योत आहे तोवर या काडीतली इवलीशी वीज गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवते. सेल नाही, प्लग नाही.

आता हीच काडी शेकडो पटींनी मोठी करा. धातूंच्या जागी शिसं आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचे अर्धवाहक ठोकळे. आत गॅसचा बर्नर, गरम बाजू ५०० अंशांच्या आसपास. बाहेर ॲल्युमिनियमचे पंख, त्यांना आर्क्टिकचा वारा लागतो. झाला थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर! यात फिरणारा एकही भाग नाही. ऑइल नाही, बेअरिंग नाही, पट्टा नाही. वर्षातून एकदा माणूस जाऊन बर्नर साफ करतो, फिल्टर बदलतो, निघून येतो. कॅनडातल्या कॅलगरीची ग्लोबल थर्मोइलेक्ट्रिक कंपनी १९७५ पासून हेच बनवत आली. सोव्हिएत रशियात तर १९५० च्या दशकात रॉकेलच्या कंदिलावर असं यंत्र बसवून त्यावर रेडिओ चालवत. कंदील उजेडही देणार आणि बातम्याही.

आता याची खोड ऐका. उष्णतेतली फक्त ३ ते ५ टक्के ऊर्जा विजेत बदलते. बरा डिझेल जनरेटर ३० टक्के देतो. १०० वॅट वीज हवी तर ४ टक्क्यांच्या हिशोबाने २,५०० वॅटची ज्योत सतत जळायला हवी. प्रोपेन वापरला तर दिवसाला जवळपास पावणेपाच किलो. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये भागवायचं तर तीन दिवसांना एक, वर्षाला १२० सिलिंडर. एका पंख्याएवढ्या विजेसाठी! मी हे गणित दोनदा करून बघितलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

मग एवढं उधळं यंत्र का घेतात?

एक तर गॅस पाइपलाइनवर इंधन शेजारूनच वाहतंय. रशियाची 'पॉवर ऑफ सायबेरिया' लाइन वर्षाला ३८ अब्ज घनमीटर गॅस नेण्यासाठी बांधली आहे, म्हणजे दिवसाला दहा कोटी घनमीटरहून जास्त. अशा लाइनवर एका यंत्राला लागणारा गॅस दिवसाला सात-आठ घनमीटर. हिशोबातही दिसणार नाही.

दुसरं, उरलेली ९६ टक्के उष्णता तिथे वाया जात नाही. तीच केबिन गरम ठेवते, बॅटऱ्या उबेत राहतात, उपकरणं चालतात. स्पितीच्या त्या घरातला स्वयंपाकाचा तंदूरही असाच, जेवण करता करता घर गरम. आणि तिसरं मला सगळ्यात आवडलं. हे यंत्र चालतं तापमानातल्या फरकावर, त्यामुळे बाहेर जितकी जास्त थंडी, तितकं ते जरा बरं चालतं. बाकी सगळ्यांची वैरी असलेली थंडी याच्या बाजूने खेळते.

सिलिंडरचा टब आणि गोठलेला रेग्युलेटर

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. आठवतो तो कोमट पाण्याचा टब? सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि उकळून वर येतो. आपल्या एलपीजीमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळायचा थांबतो. म्हणून स्पितीत सिलिंडर भरलेला असूनही शेगडी उपाशी. प्रोपेन उणे ४२ पर्यंत तग धरतो. पण 'पॉवर ऑफ सायबेरिया' ज्या याकुतियातून जाते तिथे पारा उणे ६० च्याही खाली गेलेला आहे. तिथे प्रोपेनची टाकी म्हणजे नुसता द्रवाचा डबा. मग यंत्राच्याच उष्णतेने टाकी गरम ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा तोच टब, जरा महागडा.

नैसर्गिक वायूत हा त्रास नाही. मिथेन उणे १६१ पर्यंत वायूच राहतो. पण तिथे दुसरंच लचांड. मोठ्या लाइनमध्ये दाब १०० बारच्या आसपास असतो आणि बर्नरला लागतो अगदी कमी. दाब असा एकदम खाली आणला की गॅस स्वतःच थंड होतो, दर बारमागे साधारण अर्धा अंश. म्हणजे रेग्युलेटरमध्येच तापमान आणखी ४०-५० अंशांनी खाली! गॅसमध्ये थोडा जरी ओलावा असला तरी बर्फासारखे खडे बनून नळी बंद. म्हणून गॅस आधी सुकवतात, आधी गरम करतात, मग दाब कमी करतात. उणे ५० च्या थंडीत यंत्र बंद पडायला तीन मिलिमीटरची बंद झालेली नळी पुरते.

कडक उन्हासाठी बनलेला टर्बाइन

१०० वॅटऐवजी एक-दोन किलोवॅट लागले तर दुसरं यंत्र आहे, बंद चक्राचा वाफेचा टर्बाइन. एका सीलबंद भांड्यात सहज उकळणारा सेंद्रिय द्रव असतो. खाली बर्नर. वाफ होते, टर्बाइन फिरवते, वरच्या नळ्यांमध्ये थंड होऊन परत द्रव होते. फिरणारा भाग एकच, टर्बाइन आणि जनरेटर एकाच दांड्यावर. तो दांडासुद्धा त्याच द्रवाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे वेगळं ऑइल लागत नाही.

याची जन्मकथा गमतीदार आहे. इस्रायलमध्ये हॅरी टेबोर आणि लुसियन ब्रोनिकी यांनी असा टर्बाइन तयार केला तो उन्हावर चालवण्यासाठी, वीज न पोहोचलेल्या गरम देशांतल्या गावांसाठी. १९६१ मध्ये रोममधल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत तो मांडलाही. पुढे ब्रोनिकींनी पत्नी दिता यांच्यासोबत १९६५ मध्ये ऑरमॅट कंपनी काढली. आणि वाळवंटासाठी डोक्यात आलेलं यंत्र १९७० च्या दशकात पोहोचलं अलास्काच्या पाइपलाइनवर, बर्फात.

आणि ज्यांना इंधनच भरावं लागत नाही

तुमच्यातल्या कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. हो, अणुऊर्जेवरही असं यंत्र चालतं. ज्योतीच्या जागी किरणोत्सारी पदार्थ ठेवायचा, तो वर्षानुवर्षं आपोआप गरम राहतो. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर यानं अजून यावरच चालतात. सोव्हिएत संघाने आर्क्टिक किनाऱ्यावरच्या दीपगृहांसाठी अशी शेकडो यंत्रं बसवली, स्ट्रॉन्शियम-९० वर चालणारी.

मग संघ फुटला आणि त्यातल्या अनेकांची राखणच राहिली नाही. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जियातल्या लिया गावाजवळच्या जंगलात लाकडं तोडायला गेलेल्या तिघांना दोन डबे दिसले. आजूबाजूचा बर्फ वितळलेला, डबे गरम. रात्रीच्या थंडीत त्यांनी ते शेकायला जवळ घेतले. काही तासांत उलट्या सुरू झाल्या, अंगावर भयानक जखमा झाल्या, आणि त्यातला एक जण २००४ मध्ये गेला. ते रेडिओ यंत्रणेसाठी बसवलेल्या अशाच जनरेटरांचे गाभे होते. आपल्याकडचीही एक गोष्ट आहे. १९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी भारत आणि अमेरिकेच्या मोहिमेने प्लुटोनियमवरचं असं यंत्र नंदादेवीवर नेलं होतं. वादळामुळे ते वरच ठेवून यावं लागलं. पुढच्या वर्षी गेले तर जागेवर नव्हतं. ते आजही सापडलेलं नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर पाइपलाइनवर ती ४ टक्केवाली गॅसची ज्योतच बरी. बिघडली तर फक्त विझते.

सध्या काय चाललंय

आता बऱ्याच ठिकाणी जोडी लावतात. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, तेव्हा सोलर. हिवाळ्यात बर्नर आपोआप पेटतो. यामुळे इंधन बरंच वाचतं. फ्युएल सेलचेही प्रयोग चालू आहेत. त्यांची कार्यक्षमता चांगली, पण बाहेर पडते पाण्याची वाफ, आणि ती धुराड्याच्या तोंडाशीच गोठून बसते.

दुसरीकडे विजेची गरज वाढतेय. कित्येक गॅस लाइनवरचे व्हॉल्व्ह आजवर पाइपमधल्याच गॅसच्या दाबाने हलत आले. वीज लागायची फक्त इशारा द्यायला. पण अशा प्रत्येक हालचालीत थोडा मिथेन हवेत सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पटींच्या आसपास जास्त उष्णता अडवतो. आता त्या जागी विजेच्या मोटरी आणि दाबलेली हवा आणायचा आग्रह धरला जातोय. म्हणजे जिथे १०० वॅट पुरत होते तिथे उद्या पाचशे लागतील, आणि माणूस वर्षातून एकदाच येणार, तारेचा पत्ता नसणारच.

ट्रान्स-अलास्का लाइनवर एक गोष्ट मात्र १९७७ पासून विजेविना चालू आहे. निम्म्याहून जास्त पाइप जमिनीच्या वर खांबांवर आहे, कारण गरम तेलाने खालची गोठलेली जमीन विरघळली असती. त्या खांबांमध्ये बंद नळ्या आहेत, आत अमोनिया. जमीन जरा गरम झाली की खालचा अमोनिया उकळतो, वर येतो, थंड हवेत उष्णता सोडून परत द्रव होऊन खाली पडतो. अशा सव्वा लाखाच्या आसपास नळ्या आहेत. त्यांना पंप नाही, सेन्सर नाही, बॅटरी नाही. व्हिडिओ बघताना खांबांच्या डोक्यावर पंखांचे जे तुरे दिसतात ना, ते हेच.